उशिरा येणारा डावा हात

गाणं सुरू झालं तेव्हा बद्रीनाथ पाणी पीत होता, आणि दुसरी ओळ येईपर्यंत त्याच्या लक्षात आलं की या गाण्यात आपला डावा हात नाही. वाजत होतं सगळं. पायाखालचा मोठा ड्रम होता, उजव्या हाताची झांज होती, आणि गुडघ्यांमधला तो लहान, कडक आवाजाचा ड्रम, ज्याला बँडवाले स्नेअर म्हणतात, तोही जिथल्या तिथे पडत होता. जिथल्या तिथे पडत होता हीच तर पंचाईत होती. बद्रीनाथचा डावा हात स्नेअरवर नेहमी केसभर उशिरा पडतो. ऐकणाऱ्याला तो उशीर म्हणून कळत नाही, फक्त गाणं जरा ओझं घेऊन चालल्यासारखं वाटतं, आणि बावन्न दरवाजांच्या या शहरातल्या ‘त्रेपन्नावा दरवाजा’ या त्यांच्या बँडला गेली बारा वर्षं लोक ज्यासाठी ऐकत आले ते हेच चालणं. कालिंदी गाताना त्या उशिरावर क्षणभर टेकायची आणि मग पुढचा शब्द उचलायची. श्रीधरची गिटार आणि रामकिसनचा बेसही त्याच्याच मागून यायचे. आणि आता रेडिओच्या या खोलीत, भिंतींना गालिचा चिकटवलेल्या, बाहेरचा एक हॉर्नही आत न येऊ देणाऱ्या खोलीत, समोरच्या स्पीकरमधून कोणीतरी नीटनेटका, शहाणा माणूस ड्रम वाजवत होता. बद्रीनाथने ग्लास खाली ठेवला.

टेबलापलीकडे बसलेली भानुमती डोळे मिटून मान डोलावत होती. कॉलेजच्या इमारतीत चालणाऱ्या या छोट्या रेडिओवर ती दर बुधवारी सकाळी अकरा वाजता कुणाकुणाला बोलावून गप्पा मारते, आणि आज तिने बद्रीनाथ आणि कालिंदीला बोलावलं होतं, कारण शुक्रवारी बँडचा नवा अल्बम येणार होता. श्रीधरला सुट्टी मिळाली नाही, रामकिसन लोकांसमोर तोंड उघडत नाही, म्हणून हे दोघे. गाण्याचं नाव ‘सेकंड शिफ्ट’. कालच श्रीधरने ते तयार करून सगळ्यांच्या मोबाईलवर पाठवलं होतं, पण बद्रीनाथने मुद्दाम ऐकलं नव्हतं. मोबाईलच्या चिमुकल्या आवाजात ऐकून चव कशाला घालवायची, उद्या रेडिओवर पहिल्यांदा ऐकू, असं त्याने ठरवलं होतं. बायकोलाही घरी रेडिओ लावून ठेवायला सांगितलं होतं. एक्केचाळिसाव्या वर्षी माणसाला अशी हौस असणं जरा हास्यास्पदच, पण होती.

गाणं चार मिनिटांचं. त्या चार मिनिटांत बद्रीनाथ त्या खोलीतून केव्हा निसटला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. गालिच्याच्या खोलीत आवाज असा येतो की तो कानात शिरत नाही, अंगाभोवती साचत राहतो, आणि साचलेल्या आवाजात माणूस आपोआप खाली खाली जातो. तो बिडकीनला पोचला. बसस्टँडमागच्या गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये, जिथं त्याच्या वडिलांची, कारभारींची पिठाची गिरणी होती. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर दोन-तीन वर्षांत आजोबांनी जालन्याहून जुनं तेलाचं इंजिन बैलगाडीत घालून आणलं होतं म्हणे. पुढे इंजिन जाऊन विजेची मोटर आली, पण लांब पट्टा तोच राहिला. पट्टा तुटला की वडील चामड्याचा तुकडा लावून शिवायचे, आणि तो जोड मोठ्या चाकावरून गेला की थप् असा आवाज यायचा. प्रत्येक फेऱ्याला एक थप्. बद्रीनाथ पिठाच्या पोत्यांवर झोपलेला असायचा, नाकाच्या शेंड्यावर पीठ, आणि ती थप् त्याच्या पाठीतून आत जायची. रिकामी गिरणी चालू असली की थप् वेळेवर यायची. वरून ज्वारी ओतली की पट्टा किंचित घसरायचा आणि थप् किंचित मागे राहायची. गव्हाला आणखी वेगळी. वडील बाहेर बाजेवर पडून, डोळे मिटून सांगायचे की आता आवडाबाईची ज्वारी चालू आहे, आता कुणीतरी हरभरा घातलाय. एकदा बद्रीनाथने विचारलं होतं की थप् उशिरा का येते, पट्टा बिघडला का. वडील म्हणाले होते, “उशीर नाय बाबा. भार हाय तो.” एवढंच. ते फार बोलणारे गृहस्थ नव्हते.

दोन वर्षांपूर्वी वडील गेले. त्याच्या आधीच गिरणी बंद पडली होती. आजूबाजूची जमीन मोठ्या कारखान्यांसाठी गेली, माणसं तयार पिठाच्या पिशव्या आणायला लागली, शेड पाडून तिथे मोबाईल दुरुस्तीची दोन दुकानं झाली. तेराव्यानंतर बद्रीनाथने घरातले सगळे जुने मोबाईल, सगळ्या लग्नांचे व्हिडिओ धुंडाळले. वडिलांचे फोटो ढीगभर मिळाले, पण गिरणीचा आवाज कुठेच नव्हता. कोण कशाला गिरणीचा आवाज रेकॉर्ड करून ठेवील. तेव्हा त्याला रडू आलं होतं, वडील गेले तेव्हा आलं नव्हतं तसं. आणि मग एके दिवशी सरावाला बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं की तो आवाज आहे, फक्त एकाच ठिकाणी उरला आहे, आपल्या डाव्या हातात. हा अल्बम करायचाच असा हट्ट त्याने धरला तो त्यासाठी. श्रीधरला घर बदलायचं होतं, कालिंदीच्या शाळेत परीक्षा होत्या, रामकिसनची नाइट ड्यूटी होती; सगळ्यांच्या मागे लागून, हातापाया पडून त्याने आठ महिने हे काम रेटलं होतं. खरं कारण त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. आपल्याला गाणी नकोत, आपल्याला बापाच्या गिरणीचा पट्टा एकदाचा कुठंतरी जपून ठेवायचाय, असं बँडला कसं सांगणार?

गाणं संपलं आणि माइक सुरू झाल्याचा लाल दिवा पेटला. भानुमतीने अल्बम कसा केला ते विचारलं. बद्रीनाथने घसा खाकरला आणि पुस्तकी मराठीत बोलायला सुरुवात केली, जशी तो कंपनीत ऑडिटवाले आले की करतो. त्याने सांगितलं की समर्थनगरमध्ये श्रीधरच्या घरी वरच्या खोलीत रेकॉर्डिंग केलं. आवाज घुमू नये म्हणून श्रीधरच्या आईने, द्वारकाबाईंनी, घरातल्या सोळा गोधड्या काढून दिल्या, त्या भिंतींवर खिळे मारून टांगल्या. एप्रिल-मे महिना. कूलरचा आवाज येतो म्हणून कूलर बंद, पंखा बंद, खिडक्या बंद. रामकिसन बनियनवर बेस वाजवायचा. तिसऱ्या गाण्यात खालच्या स्वयंपाकघरातल्या कुकरची शिटी आली आहे, ती बरोबर सुरात होती म्हणून तशीच ठेवली, आणि द्वारकाबाईंना वाटतं की अल्बमवर आपलंही नाव यायला पाहिजे. भानुमती हसली. कालिंदीही हसली, पण बद्रीनाथकडे न बघता. तो बोलत होता आणि त्याच वेळी आत दुसरंच कुणीतरी मोजत बसलं होतं की कोणी केलं असेल. संगणकावर हे करता येतं, त्याला ठाऊक होतं. पडद्यावर प्रत्येक ठोक्याची उभी रेघ दिसते, एक बटण दाबलं की वाकड्या रेघा सरळ रेषेत जाऊन उभ्या राहतात, शाळेतल्या प्रार्थनेला मुलं राहतात तशा. श्रीधर असं करील? श्रीधर, ज्याने बारा वर्षांपूर्वी औरंगपुऱ्यात चहाच्या टपरीवर त्याला टेबल बडवताना ऐकलं आणि तिथल्या तिथे म्हटलं होतं की तुझ्या या आळशी हातासाठी मी बँड काढतो?

मग भानुमतीने वाजवलेल्यातलं निवडता कसं ते विचारलं. तिने कुठंतरी वाचलं होतं की या बँडचा एक विचित्र नियम आहे. बद्रीनाथला तो सांगावा लागला. पहिल्या अल्बमच्या वेळी प्रत्येक गाणं पाच-सहा वेळा वाजवायचे, म्हणजे पाच-सहा टेक घ्यायचे, आणि त्यातलं कुठलं ठेवायचं यावर जी भांडणं व्हायची ती व्हायची. ज्याला त्याला आपलंच चांगलं वाजलेलं हवं. श्रीधर आणि रामकिसन दोन महिने एकमेकांशी बोलले नव्हते. तेव्हा बद्रीनाथनेच तोडगा काढला होता. बघण्याच्या कार्यक्रमात पोहे देऊन झाले की मुलगी आत जाते आणि बाहेर मोठी माणसं ठरवतात, तसं करायचं. ज्याच्या वाजवण्याची निवड आहे त्याने उठून जायचं. उरलेल्या तिघांनी ठरवायचं. आणि तिघांत काय बोलणं झालं ते चौथ्याला कधी, कुणी, कितीही दोस्ती असली तरी सांगायचं नाही. काम झाल्यावर त्याने ऐकायचं आणि मान्य करायचं. दहा वर्षं हा नियम पाळला गेला, आणि बँड टिकला तो त्यामुळेच असं सगळे मानतात. भानुमतीला ते फारच आवडलं. मग निवड चालू असताना तुम्ही कुठे होतात, तिने विचारलं. गुलमंडीला, बद्रीनाथ म्हणाला. बायकोच्या ब्लाउजला मॅचिंग अस्तर आणायला.

गेलाच होता तो. मे महिन्यातली दुपार, खिशात बायकोने दिलेला कापडाचा तुकडा, आणि गुलमंडीत एका दुकानातून दुसऱ्या दुकानात तो तुकडा वीस छटांच्या थानांवर ठेवून बघत तो सुखाने हिंडत होता. मनात येत होतं की आत्ता तिकडे गोधड्यांच्या खोलीत तिघे बसून आपला हात ऐकत असतील. गिरणी ऐकत असतील, त्यांना न कळता. परत आला तेव्हा तिघे गप्प होते. श्रीधर म्हणाला की झालं, दुसरा टेक ठेवला. कालिंदी भिंतीवरच्या गोधड्या काढून घड्या घालत होती, खरं तर अजून दोन गाणी बाकी होती आणि गोधड्या काढायचं काही कारण नव्हतं. त्याला वाटलं उकाड्याने सगळे मेटाकुटीला आलेत.

आता मात्र ती शांतता त्याला पुन्हा आठवली, आणि तिचा अर्थ उघड होता. त्यांनी ठरवलं होतं की बद्रीचा हात सरळ करायचा. नवं काहीतरी करू, मोठ्या शहरांत ऐकतील असं करू, असं काहीतरी बोलले असतील, आणि नियमाआड लपले असतील. सात मिनिटांचा ब्रेक झाला, भानुमती कॉलेजच्या सूचना वाचायला बसली, आणि हे दोघे बाहेर व्हरांड्यात आले. व्हरांड्यातलं ऊन डोळ्यांवर येऊन आदळलं. बद्रीनाथने कालिंदीला सरळच विचारलं.

“माझा हात कोणी सरळ केला?”

“कोणी नाही केला.”

“कालिंदे, मला कळत नाय का? बारा वर्षं झाली वाजवतोय. ते मी नव्हं.”

कालिंदी कठड्याला टेकून उभी राहिली. तिने त्याला श्रीधरला फोन लावायला सांगितलं. त्याने लावला. श्रीधर ऑफिसात होता, हळू आवाजात बोलत होता. त्याने आईची शपथ घेऊन सांगितलं की आवाज थोडा कमीजास्त केला, बाकी ठोक्याला बोट लावलेलं नाही, दुसरा टेक जसाच्या तसा आहे, संध्याकाळी घरी ये, मूळ रेकॉर्डिंग दाखवतो. मग तो म्हणाला की तू नीट ऐकलंस ना. बद्रीनाथने फोन ठेवला. आईची शपथ काय, लोक काहीही घेतात. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याला त्याचाच राग येत होता. तो कालिंदीला म्हणाला की मी आत जाऊन सांगणार आहे, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगणार आहे, की हे वाजवणं माझं नाही. शुक्रवारी अल्बम येवो न येवो. बँड राहो न राहो. माझं लई नुकसान केलंय तुम्ही, तो म्हणाला, तुम्हाला माहीत नाय किती. कालिंदी कठड्यावरून सरळ झाली. त्याच्या बायकोला त्याच्या आवडीनिवडी ठाऊक होत्या, पण त्याचा हात केव्हा पडणार हे या बाईला ठाऊक होतं, आणि तसं ठाऊक असलेलं माणूस खोटं बोलायला लागलं की माणसाने जायचं कुठं.

“सांग,” ती म्हणाली. “तुला सांगावंसं वाटतं तर सांग.”

आत शिरताना त्याला मध्येच कंपनीची बस आठवली. का आठवली ते कळलं नाही. या गालिच्याच्या खोलीत काहीही आठवत होतं. सकाळी सव्वासहाला सिडकोतून निघणारी, वाळूजला जाणारी बस. बद्रीनाथ तिथे एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. मशीनमधून निघालेल्या नळीत एक गेज, म्हणजे मापाचा दांडा, आत जायला हवा आणि दुसरा जायला नको, एवढं तो दिवसभर बघतो, आणि केसाच्या दहाव्या हिश्श्याइतकी चूक त्याला बोटांनी कळते. दीड वर्ष झालं, बसमध्ये तो कानात इअरफोन घालून मोबाईलमधली, ठेका धरायची सरळ टिकटिक लावतो आणि गुडघ्यांवर बोटांनी वाजवत जातो. शेजारच्याला वाटतं गाणी ऐकतोय. त्याचं असं झालं होतं की पुण्याच्या एका स्टुडिओत, मागे एकदा, तिथला माणूस फार नम्रपणे म्हणाला होता, सर, लेफ्ट हँड थोडा मागे पडतोय, क्लिक घेऊन सराव करत जा. बद्रीनाथने हसून घेतलं होतं, पण ते लागलं. डावा हात सोडून बाकी सगळं जरा घट्ट करू, असं मनाशी म्हणून त्याने ती टिकटिक सुरू केली होती. डाव्या हाताची त्याला चिंता नव्हती. ते रक्तातलं होतं, रक्तातलं कुठं जातंय. जाताना एक तास, येताना एक तास, दीड वर्ष.

लाल दिवा पेटला. भानुमतीने काही विचारायच्या आत बद्रीनाथ म्हणाला की मला एक सांगायचंय, या गाण्यातल्या ड्रमबद्दल सांगायचंय, पण आधी ते गाणं पुन्हा लावा. मी त्याच्याबरोबर इथं टेबलावर वाजवतो. ऐकणाऱ्यांना फरक कळू द्या, मग सांगतो. भानुमतीला हे इतकं आवडलं की तिने माइक टेबलाच्या कडेला आणून वाकवला. टेबल सागवानी, जुनं, कॉलेजच्या पहिल्या प्राचार्यांच्या काळातलं. बद्रीनाथने शर्टाच्या बाह्या दुमडल्या, उजव्या हाताची बोटं कडेला ठेवली, डावा तळवा मधोमध. हातात काठ्या नसल्या तरी चालतं. टपरीवर कुठं काठ्या होत्या.

गाणं सुरू झालं. पहिल्या चार मात्रा त्याने सोडल्या आणि मग शिरला. उजवा हात, पाय, उजवा हात, आणि डावा. स्पीकरमधला स्नेअर आणि त्याचा तळवा एकदमच पडले. एकच आवाज झाला. त्याला वाटलं सुरुवात आहे, अंग अजून गरम नाही. पुढच्या फेऱ्यात त्याने डावा हात मोकळा सोडला, तो नेहमी सोडतो तसा, खांद्यापासून, येईल तेव्हा येऊ दे म्हणून. पुन्हा एकच आवाज. दोन वेगळ्या थापा ऐकू यायला हव्या होत्या, आधी रेकॉर्डमधली आणि मागून त्याची, मध्ये केसभर फट. ती फट कुठंच नव्हती. कडव्यापर्यंत त्याने वाट पाहिली. टेबल कठीण आहे म्हणून असेल, बसलोय वाकडा म्हणून असेल. कपाळावर घाम आला. मग त्याने पहिल्यांदाच आयुष्यात मुद्दाम उशीर करायचा प्रयत्न केला, आणि हात असा लटपटत, नवशिक्यासारखा पडला की भानुमतीने दचकून डोळे उघडले. त्याने मान हलवली, चुकलं, आणि पुन्हा जुळवून घेतलं. जुळवून घेणं फार सोपं होतं. हात आपण होऊन त्या सरळ रेषेत जाऊन बसत होता, आणि तिथं त्याला बरं वाटत होतं, हे सगळ्यांत भयंकर होतं. श्रीधरने शपथ खरी घेतली होती. कोणीही काहीही सरळ केलं नव्हतं. स्पीकरमधला तो नीटनेटका, शहाणा माणूस एप्रिल-मे महिन्यात गोधड्यांच्या खोलीत घाम पुसत बसला होता, आणि मग उठून अस्तर आणायला गेला होता. बद्रीनाथला खोली हळूहळू दूर जाताना दिसली. टेबल, माइक, कालिंदीचे हात, सगळं पाण्याच्या तळाशी असल्यासारखं. त्याचे स्वतःचे हात तेवढे न चुकता चालले होते.

गाणं संपलं.

“अगदी रेकॉर्डसारखंच,” भानुमती म्हणाली. “डोळे मिटले तर कळणार नाही, टेबल कुठलं आणि ड्रम कुठला. सर, तुम्ही काहीतरी सांगणार होता.”

लाल दिवा जळत होता. घरी बायकोने रेडिओ लावला असणार. बद्रीनाथने दुमडलेल्या बाह्या एकेक करून खाली सोडल्या. रेडिओवर एवढी शांतता चालत नाही, भानुमती हाताने खुणा करायला लागली.

“व्हय,” तो म्हणाला. पुस्तकी मराठी कुठल्या कुठे गेली होती. “हे मीच वाजवलंय. एवढंच सांगायचं होतं.”

भानुमती काहीतरी गोड बोलून पुढच्या प्रश्नाकडे वळणार होती, तेवढ्यात कालिंदीने माइक स्वतःकडे ओढला. ती श्रोत्यांशी बोलत नव्हती. ती त्याच्याशीच बोलली, हळू, व्हरांड्यात बोलायला हवं होतं तसं.

“आत काय बोलणं झालं ते बाहेर सांगायचं नाही. पण सांगते. आम्ही सहाही टेक ऐकले, बद्री. तुझा तो मागे राहणारा हात एकाही टेकमध्ये नव्हता. श्रीधर म्हणाला, हा आता बरोबर वाजवायला लागलाय. मग आम्ही कोणी काहीच बोललो नाही. मला रडू येत होतं म्हणून मी गोधड्या काढत बसले.”

“मला सांगायचं ना.”

“नियम तुझा होता.”

भानुमती दोघांकडे आळीपाळीने बघत होती. मग तिने दुसरं गाणं लावून दिलं, त्याच अल्बममधलं, कुकरच्या शिटीचं. कालिंदीने माइक परत सरकवला आणि ती पदराच्या टोकाने टेबल बडवताना ग्लासातून सांडलेलं पाणी टिपायला लागली. बद्रीनाथने डावा हात टेबलाखाली मांडीवर घेतला. गाण्यात उजव्या हाताची झांज चालू झाली. त्याने डोळे मिटले, श्वास धरला, हाताला काहीही सांगितलं नाही, आणि वाट पाहिली. हात वेळेवर पडला. पुढच्या खेपेला त्याने आणखी वाट पाहिली. पुन्हा वेळेवरच पडला.